मादीच्या आवाजातली साद

मराठी शिकारकथा वाचलेल्यांना ‘हाका’ हा शब्द ओळखीचा असतो. डबे आणि ढोल बडवीत, आरोळ्या ठोकीत हाकाऱ्यांची रांग रान उठवते आणि बिथरलेले सावज दबा धरून बसलेल्या बंदुकीपुढे येते. इथे आवाजाचे काम भिववण्याचे. शिकारीत आवाजाचा आणखी एक उपयोग जगभर केला गेला आहे आणि तो याच्या नेमका उलट आहे. शिकारी जागचा हलत नाही. तो सावजाच्याच बोलीत साद घालतो आणि सावज आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत येते. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवीत. त्याचे ओरडणे ऐकून रानातला तितर झुंजायला धावे आणि भोवती मांडलेल्या फाशात अडके. आज कायद्याने या शिकारीला बंदी आहे. पण तितराची ही खोड ज्याने प्रथम हेरली, त्याला पक्ष्याच्या वर्तनाविषयी बरेच काही ठाऊक होते, हे मान्य करावेच लागते.

अशा सादेचा सर्वांत लांब आणि सर्वांत चांगला नोंदला गेलेला इतिहास उत्तर अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीचा आहे. या लेखात आपण तोच पाहणार आहोत. शिकारीची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. पण एका लाकडी पेटीच्या आवाजाने जो पक्षी बंदुकीच्या टप्प्यात येत गेला, त्याच आवाजाच्या एका गुणधर्मावर पुढे त्याच्या शिकारीचे नियम उभे राहिले. ध्वनी, प्राण्यांचे वर्तन आणि कायदा यांची अशी गाठ क्वचितच पडते.

टर्की हा मूळचा अमेरिकेचाच पक्षी. मेक्सिकोतील लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी पाळीव टर्की युरोपात नेली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारतात आली. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी बादशहा जहांगीराकडे आणले. त्यांतील एका पक्ष्याचे वर्णन जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या कुतूहलाने केले आहे. लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान असा तो पक्षी माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो आणि त्याच्या डोक्याचे व मानेचे रंग सरड्याप्रमाणे पालटत राहतात, असे तो सांगतो. बादशहाचा चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीच्या नराचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. (पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्या पेरूच्या फळाशी त्याचा काही संबंध नाही.)

जहांगीराने पाहिला तो पाळीव पक्षी. त्याचा रानातला भाईबंद अंगाने सडपातळ, पायाने चपळ आणि स्वभावाने अतिशय सावध असतो. त्याला वास फारसा येत नाही. दृष्टी मात्र इतकी तीक्ष्ण असते की बसल्या जागी शिकाऱ्याने बोट हलवले तरी तो निसटतो. त्याच्यामागे लपतछपत जाणे जवळजवळ व्यर्थ असते. त्यामुळे त्यालाच आपल्याकडे बोलावणे हा एक मार्ग उरतो.

रानातली बोली

रानटर्की रात्री उंच झाडांवर बसतात आणि पहाटे खाली उतरतात. वसंत ऋतूत उजाडण्याच्या सुमारास नर झाडावरूनच एक घुमणारा, खळखळता आवाज काढतो. इंग्रजीत त्याला ‘गॉबल’ म्हणतात आणि शांत हवेत तो मैलभरसुद्धा ऐकू जातो. खाली उतरल्यावर नर पिसारा उभारून, पंख जमिनीला घासत, मिरवत राहतो. मादी त्याचा आवाज ऐकते, कधी लहान लहान हाकांची माळ लावून त्याला उत्तर देते आणि बहुधा स्वतःच त्याच्याकडे चालत जाते. मादीच्या या हाकेला ‘येल्प’ म्हणतात. तिचा प्रत्येक स्वर दुपदरी असतो. तो उंच व स्वच्छ सुरू होतो आणि लगेच मोडून खालच्या, किंचित घोगऱ्या स्वरावर येतो. याखेरीज चरताना परस्परांशी संपर्क ठेवणारे ‘क्लक’, समाधानाची घुरघुर, धोक्याचा तुटक इशारा, कळपातून चुकलेल्या पिलाची बारीक शीळ असे या पक्ष्याचे दोन डझनांहून जास्त आवाज अभ्यासकांनी वेगळे केले आहेत. फ्लॉरिडातील जीवशास्त्रज्ञ लव्हेट विल्यम्स यांनी ही ‘शब्दसंपदा’ ध्वनिमुद्रित करण्यात अनेक वर्षे घालवली आणि १९८४ साली त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले.

वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निसर्गक्रमात नर बोलावतो आणि मादी जाते. मादीचा आवाज काढणारा शिकारी मात्र नराने आपल्याकडे यावे अशी अपेक्षा करीत असतो. म्हणजे तो प्रवाहाविरुद्ध पोहत असतो. मादी जवळच आहे हे एकदा कळले की अनुभवी नर बऱ्याचदा जागच्या जागी थांबून पिसारा फुलवत राहतो आणि ती येण्याची वाट पाहतो. नवखा शिकारी अशा वेळी अधीर होऊन अधिकाधिक हाका मारतो आणि नर तिथेच खिळून राहतो. म्हणून जुन्या शिकाऱ्यांचा सल्ला असा की दोन-चार हाका द्याव्यात आणि मग अर्धा तास गप्प बसावे. मादी रुसून निघून तर गेली नाही ना, या शंकेने नर शोधायला निघतो. रुसणे हा अर्थात आमचा शब्द. पक्ष्याच्या मनात काय चालते हे आपण सांगू शकत नाही. आवाज थांबला की तो पुढे सरकतो, एवढेच निरीक्षण आहे.

शरद ऋतूतली तऱ्हा निराळी. तेव्हा प्रणय नसतो, कळप असतो. शिकारी कळपावर धावून जाऊन तो उधळून लावतो, त्याच जागी बसून राहतो आणि थोड्या वेळाने पिलाची शीळ किंवा आईची हाक काढतो. पांगलेली पिले आईकडे म्हणून परत येतात. आम्हांला विचाराल तर या दोन फसवणुकींत ही दुसरी अधिक निर्दय वाटते. तिचे परिणाम पुढे येतीलच.

हाड, पेटी आणि पाटी

सर्वांत जुने साधन म्हणजे माणसाचा गळा आणि ओठांत धरलेले झाडाचे पान. त्यानंतरचे साधन खुद्द टर्कीच्याच पंखाचे हाड. अमेरिकेतील मूळ रहिवाशांकडून गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही विद्या घेतली. पंखातील पोकळ हाडे उकळून, आतली मज्जा काढून स्वच्छ करतात आणि एकात एक बसवून नळी तयार करतात. नळीचे बारीक टोक ओठांत धरून फुंकायचे नसते, तर हवा आत ओढायची असते. लहान मुलाचा मुका घेताना होतो तसा आवाज ओठांवर उत्पन्न होतो आणि नळीत घुमून मादीच्या हाकेचे रूप घेतो. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याने १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कृती नोंदवली आहे. घुबडाच्या घूत्काराला झाडावरचा नर हटकून गॉबलने उत्तर देतो आणि त्यावरून त्याचा ठावठिकाणा लागतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. ऑड्युबॉनच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहातील पहिलेच चित्र रानटर्कीच्या नराचे आहे.

पुढची पायरी पेटीची. आर्कान्सॉ राज्यातील डार्डानेल गावच्या हेन्री गिब्सन याने १८९७ साली अशा पेटीचे एकस्व मिळवले. पातळ लाकडाची, वर उघडी, लांबट पेटी. तिच्या एका टोकाला सैल खिळलेले लाकडी झाकण. त्याला पुढे मूठ. झाकण पेटीच्या पातळ कडेवरून आडवे सरकवले की येल्प निघतो. झाकणाचा खालचा भाग किंचित बाकदार असल्यामुळे घासण्याची जागा सरकत जाते आणि त्याबरोबर स्वर उंचावरून खाली मोडतो. दुपदरी हाकेचे रहस्य एवढ्या साध्या बाकात आहे. १९४० च्या सुमारास एम. एल. लिंच याने अशाच पेट्या ‘फूल प्रूफ’ म्हणजे मूर्खालाही चुकवता न येणारी, या नावाने विकायला सुरुवात केली आणि हाडाची नळी वाजवायला लागणारी वर्षांची साधना एका दुपारवर आली.

हे वाजते कसे? झाकण कडेवरून एकसारखे सरकत नाही. घर्षणाने ते क्षणभर अडकते, ताण वाढला की सुटते, पुन्हा अडकते. सेकंदाला शेकडो वेळा असे अडकणे-सुटणे घडते, त्याने लाकूड कंप पावते आणि पेटीतली हवा अनुनादाने तो आवाज मोठा करते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमके हेच होते. व्हायोलिनवादक गजाला राळ लावतो, शिकारी झाकणाला खडू लावतो. तेलाचा किंवा मेणाचा स्पर्श झाला, पाऊस लागला, की दोघांचेही वाद्य मुके होते. खडूने फळ्यावर अंगावर शहारे आणणारा आवाज कसा निघतो, हे शिक्षकांना सांगायला नकोच. तोही याच कुळातला.

खुद्द पाटीसुद्धा या इतिहासात आहे. दगडी पाटीचा तुकडा पोकळ डबीवर बसवून त्यावर लाकडी काडी तिरकी धरून लहानशी वर्तुळे काढली की फार मऊ, खरी वाटणारी साद निघते. वर्गात ही साधने आणण्याचे कारण नाही, पण तत्त्व पाच मिनिटांत दाखवता येते. कागदाच्या पेल्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून जाड दोरा ओवावा, आत गाठ मारावी. पेला एका हातात धरून खाली लोंबणारा दोरा ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून झटक्याझटक्याने ओढावा. पेल्यातून कोंबडीचे कलकलणे ऐकू येईल. नंतर पेला काढून नुसताच दोरा ताणून ओढावा. आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कंपन दोऱ्याचे आणि घुमणे पेल्याचे, हा फरक मुलांना शब्दांवाचून कळतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक साधन लोकप्रिय झाले. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या छोट्या चौकटीवर ताणलेला रबराचा पातळ पडदा टाळूला चिकटवून ठेवायचा आणि जिभेने हवा सोडायची. शिकायला अवघड, पण दोन्ही हात मोकळे राहतात, आणि बोट हलले तरी निसटणाऱ्या पक्ष्यासमोर हे फार मोलाचे असते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारी यंत्रे मात्र टर्कीच्या शिकारीत बहुतेक राज्यांनी निषिद्ध ठरवली आहेत. पक्ष्याला फसवायचे तर माणसाने निदान ती कला शिकावी, अशी त्यामागची भावना आहे. आम्हांला या नियमामागे खिलाडूपणाइतकाच व्यवहारही दिसतो. शिकायला कठीण असलेले हत्यार कमी पक्षी मारते.

या सादेचे एक दुष्परिणामी वैशिष्ट्य सांगितलेच पाहिजे. ती जशी पक्ष्याला खरी वाटते, तशी माणसालाही वाटते. एका झाडीत मादीचा आवाज काढणारा शिकारी आणि दुसऱ्या झाडीतून त्या आवाजाच्या रोखाने सरपटत येणारा शिकारी, अशा जोड्यांत अपघात झाले आहेत. म्हणून अमेरिकेत नवशिक्यांना बजावले जाते की आवाजाच्या मागे कधीही लपत जाऊ नये आणि लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर घालू नयेत. माजावर आलेल्या नराच्या डोक्याचे रंग तेच असतात.

ओसाड झालेली राने

ऑड्युबॉन लिहितो की केंटकीत तो राहायला गेला तेव्हा पाच-सहा किलोची टर्की तीन पेन्सना विकली जाताना त्याने पाहिली होती. युरोपीय लोक येण्यापूर्वी या पक्ष्यांची संख्या एक कोटीपर्यंत असावी, असा एक अंदाज आहे. पुढच्या काळात जंगले तुटली, शेते वाढली आणि बाजारासाठी मारणाऱ्यांना ना हंगामाचे बंधन होते ना संख्येचे. कनेक्टिकटमधून हा पक्षी १८१३ पर्यंत गेला. मॅसॅच्युसेट्समधील शेवटची ज्ञात रानटर्की १८५१ साली माउंट टॉम या डोंगरावर मारली गेली. १९२० पर्यंत मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून ती नाहीशी झाली होती. त्यातच बाहेरून आलेल्या बुरशीने अमेरिकन चेस्टनटची झाडे मारायला सुरुवात केली आणि टर्कीच्या हिवाळी अन्नाचा एक मोठा साठा संपला.

या ऱ्हासात सादेचा वाटा किती, हे आकड्यांत सांगता येणार नाही. कुऱ्हाडीने बंदुकीपेक्षा जास्त टर्की मारल्या, असे आमचे मत आहे. तरीही उधळलेला कळप आईच्या आवाजाने परत बोलावून एकामागून एक टिपता येत असे आणि अशा शिकारीत मादी व पिले दोन्ही पडत, हे विसरता येत नाही. एक नर गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. मादी गेली तर पुढच्या वर्षीची दहा-बारा अंडी गेली.

एडवर्ड मॅकिल्हेनी यांनी १९१४ साली रानटर्की आणि तिची शिकार यांवरचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा गाभा चार्ल्स जॉर्डन या जुन्या शिकाऱ्याच्या टिपणांचा होता. जॉर्डनने हाडाच्या नळीला बोरूची जोड देऊन तिचा स्वर सुधारला होता. १९०९ साली एका चोरट्या शिकाऱ्याने त्याला गोळी घालून ठार केले. रानाची राखण करणाऱ्याचा बळी रान लुटणाऱ्याने घ्यावा, हे त्या काळाचे चित्र पुरेसे बोलके आहे.

जाळे आणि जंगलीपणा

१९३७ साली अमेरिकी संसदेने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. शिकारीच्या बंदुका आणि दारूगोळा यांवरील ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांसाठी राखून ठेवला गेला. पैसा आला, तसा पक्षी वाढवण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग पत्करला गेला. कोंबड्यांसारख्या पैदासकेंद्रांत टर्की वाढवायच्या आणि रानात सोडायच्या. हजारो पक्षी असे सोडले गेले आणि जवळजवळ सर्व वाया गेले. कारण काय?

स्टार्कर लिओपोल्ड यांनी मिसुरीतील रानटी, पाळीव आणि संकरित टर्कींची तुलना करून १९४४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. जंगलीपणा हा आनुवंशिक असतो, हे त्यांनी दाखवले. रानटी पक्ष्यांचा मेंदू आणि काही अंतःस्रावी ग्रंथी शरीराच्या मानाने मोठ्या होत्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे निरीक्षण असे की मादीने धोक्याचा इशारा दिला की रानटी पिले तत्क्षणी दडून निपचित होत. संकरित पिले हा इशारा तेवढ्या तत्परतेने मानत नसत. म्हणजे रानातली बोली कानावर पडूनही ती पाळण्याची उपजत तयारी पैदाशीत पातळ झाली होती. कोल्हा आणि ससाणा अशा पिलांना धडा शिकायला दुसरी संधी देत नाहीत.

तेव्हा रानटीच पक्षी पकडून दुसरीकडे नेणे भाग होते. पण त्यांना पकडणार कसे? पाणपक्ष्यांसाठी बनवलेले उडते जाळे इथे उपयोगी पडले. मक्याचे दाणे टाकून कळपाला एका जागेची सवय लावायची आणि सारे खाली माना घालून टिपत असताना स्फोटकाच्या नळ्यांनी मोठे जाळे त्यांच्यावर फेकायचे. १९५१ साली दक्षिण कॅरोलिनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात टर्कीवर हा प्रयोग यशस्वी झाला. मग एका राज्यातले पक्षी दुसऱ्या राज्यात नेले जाऊ लागले. मंदीच्या काळात ओस पडलेल्या शेतांवर एव्हाना पुन्हा झाडी वाढली होती, त्यामुळे नेलेल्या पक्ष्यांना जागाही मिळाली. १९७३ मध्ये ‘राष्ट्रीय रानटर्की महासंघ’ स्थापन झाला तेव्हा देशात सुमारे तेरा लाख पक्षी होते. या शतकाच्या आरंभी ही संख्या सत्तर लाखांच्या जवळ पोचली. आज अलास्का सोडून सर्व राज्यांत रानटर्की आहे.

वसंतातला कायदा

संख्या वाढू लागली तशी शिकारीची मागणीही आली आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. शिकारीचे हंगाम ठरवणाऱ्यांचा एक जुना दंडक आहे की विणीच्या काळात शिकार नको. बदकांची वसंतातली शिकार याच तत्त्वाने बंद झाली आणि १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. टर्कीलाही हाच न्याय लावावा, असे अनेकांना वाटत होते. जीवशास्त्रज्ञांनी मात्र वेगळे सुचवले. शरदातली शिकार आवळा आणि वसंतातली फक्त नरांसाठी उघडा, असे त्यांचे म्हणणे होते.

वरवर उफराट्या वाटणाऱ्या या सूचनेचे मर्म सादेत आहे. वसंतात मादीच्या आवाजाला माद्या सहसा फिरकत नाहीत, नर येतात. म्हणजे हे साधन आपोआपच नर निवडून आणते. शिवाय टर्कीचा नर अनेक माद्यांशी जुगतो आणि पिलांच्या संगोपनात त्याचा काहीच भाग नसतो. विणीनंतर काही नर कमी झाले तरी पुढची पिढी घटत नाही. बंदुकीसमोर आलेला पक्षी नर आहे की मादी, हे डोक्याच्या रंगावरून आणि छातीवर लोंबणाऱ्या केसाळ झुपक्यावरून नीट ओळखू येते. (काही माद्यांनाही असा झुपका असतो, म्हणून कित्येक राज्यांच्या नियमांत तशी खास वाक्ये असतात.)

मुद्दा फक्त वेळेचा होता. वसंतात नरांच्या गॉबलला दोनदा भर येतो. पहिल्यांदा हिवाळी कळप फुटतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा माद्या अंड्यांवर बसतात तेव्हा. मादी सुमारे २८ दिवस उबवते आणि त्या काळात घरटे क्वचितच सोडते. नर एकटे पडतात आणि कोणत्याही हाकेला धावतात. हंगाम या दुसऱ्या भराच्या सुमारास सुरू केला तर तीन गोष्टी साधतात. माद्या फळलेल्या असतात, त्या बंदुकीपासून दूर घरट्यावर असतात आणि शिकाऱ्याची साद सर्वांत जास्त परिणामकारक ठरते.

मिसुरीचे उदाहरण पाहावे. तिथे १९३७ साली शिकार बंद झाली होती. १९६० मध्ये वसंतातला तीन दिवसांचा हंगाम फक्त १४ कौंटींत उघडला गेला आणि ९४ नर मारले गेले. २००४ च्या वसंतात त्याच राज्यात साठ हजारांहून अधिक नर मारले गेले, तरी कळप टिकून होते. हे आकडे वाचताना सुखावावे की अस्वस्थ व्हावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. नियमाने आपले काम केले, एवढे मात्र खरे.

प्रयोगशाळेतली टर्की

शिकाऱ्यांना जे अनुभवाने ठाऊक होते, ते शास्त्रज्ञांनी प्रयोगाने तपासायला १९५० नंतर सुरुवात केली. पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठात मार्टिन शाइन आणि एडगर हेल यांनी पाळीव टर्कीच्या नरांपुढे मादीच्या प्रतिकृती ठेवल्या आणि एकेक अवयव काढत गेले. शेपूट काढली, पाय काढले, पंख काढले. शेवटी काठीवर नुसते डोके उरले, तरी नर त्याच्यापुढे पिसारा फुलवीतच राहिला. कॉनराड लोरेन्झ यांचे सहकारी वोल्फगांग श्लाइट यांनी ऐकण्याची बाजू तपासली. ज्या माद्यांना ऐकू येत नव्हते, त्यांनी अंड्यांतून बाहेर पडलेली आपलीच पिले चोचीने मारून टाकली. घरट्यातल्या हलत्या वस्तूला शत्रू मानण्याची तिची उपजत वृत्ती असते आणि पिलाचा चिवचिवाट तेवढा तिला आवरतो. हा निबंध १९६० सालचा. प्राण्यांच्या अशा ‘खूण-उद्दीपकां’चा पाया घालणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश, लोरेन्झ आणि टिन्बर्गेन यांना १९७३ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

पक्षी संपूर्ण चित्राला प्रतिसाद देत नाही, एखाद्या खुणेला देतो, हे एकदा पटले की लाकडाच्या पेटीने पक्षी का फसतो याचे कोडे राहत नाही. पण आम्ही याला पक्ष्याचा मूर्खपणा म्हणणार नाही. रानात लाखो वर्षे मादीच्या आवाजामागे मादीच होती. खुणेवर विश्वास ठेवणारा नर वंश वाढवून गेला आणि प्रत्येक वेळी खातरजमा करीत बसलेला मागे राहिला. शिवाय नर पूर्ण विसंबतही नाही. साद ऐकून तो टप्प्याच्या बाहेर येऊन थांबतो आणि मादी दिसते का ते पाहतो. शिकारी लोक मादीचा पुतळा समोर रोवतात तो याच कारणाने.

पुन्हा वेळेचा प्रश्न

गेल्या वीसेक वर्षांत आग्नेय अमेरिकेतील अनेक राज्यांत रानटर्की पुन्हा घटू लागली आहे. घरट्यांतून पूर्वीइतकी पिले वाचत नाहीत. बदललेली जंगले, अंडी खाणारे प्राणी, रोग अशी अनेक कारणे चर्चेत आहेत आणि त्यांत वसंतातल्या हंगामाचाही समावेश आहे. नरांत कडक उतरंड असते. भाऊ-भाऊ मिळून मिरवतात, पण जुगतो बहुधा एकच, हे टेक्सासमधील आणि नंतर कॅलिफोर्नियातील अभ्यासांत दिसले आहे. सादेला धिटाईने सामोरा येणारा नर जर हाच वरचढ नर असेल आणि तो माद्या फळण्यापूर्वीच मारला गेला, तर उतरंड नव्याने लागेपर्यंत विणीचा खोळंबा होत असेल का, असा हा प्रश्न आहे. जॉर्जियाने २०२२ पासून हंगाम उशिरा सुरू केला आणि माणशी तीनऐवजी दोन नरांची मर्यादा घातली. टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला. अलाबामाने २०२२ मध्ये हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत पुतळे वापरण्यास मनाई केली. नुसत्या उशिराने घरटी खरोखर जास्त यशस्वी होतात का, याबद्दल जीवशास्त्रज्ञांत एकमत नाही.

या वादात आता कानांची भर पडली आहे. संशोधक वसंताच्या आधीच झाडांना लहान ध्वनिमुद्रक बांधून ठेवतात आणि दर पहाटेचे गॉबल संगणकाकरवी मोजतात. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनात केलेल्या अशा मोजणीत शिकार सुरू होताच गॉबलची संख्या उतरलेली आढळली. शिकार नसलेल्या जागी ती तशी उतरली नाही. आवाज करणारे नर मारले जातात म्हणून रान शांत होते, की उरलेले नर माणसांची चाहूल लागल्यावर तोंड मिटून घेतात, हे वेगळे काढण्यासाठी नरांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारी यंत्रे बसवून त्यांच्या हालचाली आणि झाडावरच्या ध्वनिमुद्रकांतले आवाज ताडून पाहिले जात आहेत.